कागदावर नऊ, शेतात एकटा

मित्रांनो, मी एक जुना, जळालेला लष्करी ट्रक आहे. एकच आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या बाबतीत बाहेर फार गोंधळ झालेला आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे शेकडो ट्रक रांगेत उभे होते. जुळे भाऊसुद्धा इतके सारखे दिसत नसतील. आम्हाला ओळखायची खूण एकच, ती म्हणजे दारावरचा पांढरा आकडा. माझा आकडा होता एकतीस.

माझा चालक गाडी जपून चालवायचा, म्हणून सगळे त्याला ‘सावकाश’ म्हणत. “काय रे सावकाश, लढाई संपल्यावर पोचणार वाटतं?” असे कोणी चिडवले, की तो हसून म्हणे, “लढाई संपल्यावर पोचणारासुद्धा कोणीतरी लागतो की!” आम्ही दोघांनी पाण्याची पिंपे, पिठाची पोती, औषधांची खोकी वाहिली. माझा मडगार्ड फाटला तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने पत्र्याचे ठिगळ लावले. चढ लागला की तो माझ्याशी गप्पा मारायचा. त्या दिवसांत एकटेपणा म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते.

एकदा माझे दार निखळून पडले. लष्कराच्या गॅरेजमध्ये सत्तेचाळीस नंबरचा ट्रक इंजिन उतरवून उभा होता. मिस्त्रींनी त्याचे दार काढले आणि मला बसवले.

“आणि नंबर?” सावकाशने विचारले.

“परत आलास की रंगवू. आधी पाणी पोचव बाबा, तिकडे माणसं तहानलीत.”

घाई खरी होती, म्हणून मिस्त्रींना मी दोष देत नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यांची बदली झाली आणि दाराची गोष्ट त्यांच्याबरोबरच गेली.

मी मात्र तोवर परतलोच नव्हतो. कालव्याच्या पुलाजवळ एक तोफगोळा माझ्या मागे पडला, दुसरा थेट इंजिनावर. सावकाश खाली उतरला. त्याचा एक पाय ओढला जात होता. कालव्याच्या उतारावर उंच गवत आहे, त्यात तो शिरला. मी पेटलो होतो, तरी तिकडेच बघत होतो. तो पुन्हा वर आलेला मला दिसला नाही.

मग माझी छायाचित्रे निघू लागली. कोणी पुढून काढले, कोणी मागून, कोणी विमानातून. एकात माझ्या टपावर कावळे बसले होते, दुसऱ्यात धुके होते. समोरच्या सैन्याने जाहीर केले, ‘शत्रूचे नऊ ट्रक जाळले!’ मित्रांनो, नऊच्या नऊ मीच होतो. आमच्या सैन्याने जाहीर केले, ‘आमचा एकही ट्रक गेलेला नाही.’ आता बोला! मी तर तिथेच, पुलाजवळच्या शेतात उभा होतो, नऊही नव्हतो आणि शून्यही नव्हतो.

एका छायाचित्रात दारावरचा सत्तेचाळीस आकडा दिसला. आमच्या कचेरीने लगेच त्या ट्रकच्या चालकाच्या घरी तो मरण पावल्याचा निरोप धाडला. घरी रडारड सुरू झाली, आणि तो पठ्ठ्या गॅरेजमध्ये बूट पुसत बसला होता! त्याचा ट्रकही तिथेच होता. त्याला दार नव्हते, पण ज्याला इंजिनच नाही त्याचे दार कोण शोधतो? कचेरीने शेरा मारला, ‘छायाचित्र खोटे. ट्रक सुखरूप.’

मग एकतीस नंबर गेला कुठे? तो तर कुठल्याच चित्रात दिसत नव्हता. कचेरीने दुसरा शेरा मारला, ‘चालक ट्रक घेऊन पळाला.’

माझा सावकाश, आणि पळपुटा!

हे सगळे मला कळले ते फार उशिरा, माझ्याजवळ उभे राहून बोलणाऱ्यांच्या तोंडून. लढाई पुढे सरकली होती. सहा महिने लोक थांबत, माझे चित्र घेत आणि निघून जात. मोजायला सगळे आले, विचारपूस करायला कोणी आले नाही. मग एके सकाळी दोन बायका आल्या. एक सावकाशची थोरली बहीण, शिवणकाम करणारी. दुसऱ्या चित्रकलेच्या बाई होत्या. लढाईत जळालेल्या गाड्या त्या छायाचित्रांवरून मोजत. त्यांचा नियम एकच होता. दोन बाजूंनी पडताळल्याशिवाय काही मोजायचे नाही, आणि एकच गाडी दोनदा मोजायची नाही. माझी नऊ चित्रे त्यांनी एकावर एक ठेवून पाहिली होती, आणि सत्तेचाळीस सुखरूप असेल तर जळालेला हा ट्रक कोणाचा, हे तपासायला त्या बहिणीला घेऊन आल्या होत्या.

“बाई, दारावर सत्तेचाळीस आहे. हा त्याचा नाही,” बहीण म्हणाली. ट्रक त्याचा निघाला तर भाऊ बहुधा गेलेला, नाही निघाला तर भाऊ पळपुटा. बिचारीने मागायचे तरी काय?

बाईंनी दाराच्या कडेवर बोट फिरवले. “थांबा ताई. बिजागरीचे स्क्रू नवे आहेत. दाराचा हिरवा आणि चौकटीचा हिरवाही एक नाही. दार उसनं आहे.”

बहीण खाली वाकली. मडगार्डच्या ठिगळावर तिचा हात थांबला. “दोन रिबिटा जवळ, एक लांब. कापडाला ठिगळ लावताना मी टाके असेच घालते. माझ्याच शेजारी बसून शिकला गाढव.” ती खालीच बसली. “त्याचाच आहे, बाई. मग तो आत होता?”

“माहीत नाही. आत माणसाची काहीच खूण नाही.”

“सगळे मला छातीठोकपणे सांगतात, पळाला म्हणून. आणि तुम्ही एवढ्या लांब येऊन म्हणता, माहीत नाही?”

“हो ताई. पण जळालेला ट्रक घेऊन कोणी पळत नाही. तेवढं मी सही करून लिहून देते. पुढचं मी पाहिलेलं नाही. आणि पाहिल्याशिवाय ‘पळाला’ लिहायचा हक्क त्यांनाही नव्हता.”

मला ओरडून सांगावेसे वाटले, ‘उतार बघा! गवतात बघा!’ पण माझा हॉर्न कधीच वितळून गेला होता.

त्या कागदावरून कचेरीत ‘पळाला’ हा शब्द खोडला गेला आणि ‘बेपत्ता’ लिहिला गेला. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय झाले? मित्रांनो, पळालेल्याला लोक शिव्या देतात. बेपत्ता माणसाला शोधावे लागते.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कोणीतरी तुमच्यापुढे मोठमोठे आकडे ठेवील. त्यांना टाळ्या वाजवण्याआधी विचारा, कोणी पाहिले? किती बाजूंनी पाहिले? आणि स्वतःला ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नका. मात्र तेवढे म्हणून घरी जाऊ नका, शोधत राहा. प्रत्येक आकड्यामागे कोणाचा तरी भाऊ असतो.

कालपासून चार माणसे हातात लांब काठ्या घेऊन कालव्याकाठचे गवत बाजूला करीत आहेत. त्यांनी पलीकडच्या काठापासून सुरुवात केली आहे. बहीण त्यांच्या मागे मागे चालते. माझ्या बाजूच्या उतारावर ती माणसे अजून पोचलेली नाहीत.