वाशिंदची दुसरी चूल

भावना आणि कुणाली सख्ख्या जावा. शहापूरला घरामागच्या शेडमध्ये दोघी मिळून जेवणाचे डबे करायच्या. थोडे गावातल्या ऑफिसांत जायचे, बाकी सगळे वाशिंदच्या कारखान्यांत. कुणालीचा नवरा मितेश टेम्पोंचं बघायचा. पण हायवेवर पुलाचं काम निघालं आणि गाड्यांची रांग हटेना. डबे गार होऊन पोचू लागले.

"दोन टेम्पो पुरत नाय. तिसरा घेऊ," मितेश म्हणाला.

घेतला. मग तिन्ही टेम्पो एकामागोमाग त्याच रांगेत उभे राहू लागले. ड्रायव्हरांची गप्पांची सोय झाली, एवढंच.

एकदा भाकऱ्या थापताना कुणाली म्हणाली, "ताई, टेम्पो कमी नाय पडत. आपली चूलच रांगेच्या अलीकडं आहे. वाशिंदला गाळा घेतला तर? तिथले डबे तिथंच होतील."

भावनाचा हात थांबला. "वेगळी चूल मांडायचीय, असं सरळ सांग की!"

"तसं नाय ओ ताई!"

पण भावना ऐकेना. घर एकत्र राहावं म्हणून तिनं काय काय गिळलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. त्यानंतर ती कामापुरतीच बोलू लागली.

मग एक दिवस माणूस कमी पडला म्हणून भावना स्वतःच डबे घेऊन टेम्पोत बसली. पुढं ट्रक, मागं ट्रक. ती सारखी डब्यांना हात लावून बघत होती. ते तिच्या डोळ्यांदेखत गार झाले. कारखान्याच्या गेटवर पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी संपलेली, माणसं वडापाव खाऊन आत गेलेली.

तिनं तिथूनच फोन लावला. "कुणाली, गाळा बघ. पण वाशिंदला मी बसणार. या लोकांना मीच गरम वाढणार."

पलीकडून कुणालीचा बारीक आवाज, "आणि मी इथं एकटी?"

"एकटी कशी गो? रात्री जेवायला एकत्रच बसतोय ना!"

स्टेशनजवळ गाळा मिळाला. भावना सकाळच्या लोकलनं जाऊ लागली. दोन टेम्पो दोन्हीकडं पुरून उरले. तिसरा विकताना मितेशचं तोंड उतरलं, पण गिऱ्हाईक चांगलं मिळालं म्हणून तेही खुललं. दोन्ही चुलींवर दिवसभर फोन चालू. "ताई, वाटाण्यात गूळ घातला का?" "घातला. तू पण घाल."

रविवारी दोघी टोकावड्याच्या ढाब्यावर जाऊन बसल्या.

"काय आणू?" पोऱ्यानं विचारलं.

"काहीपण आण," भावना पाय पसरत म्हणाली, "फक्त आमाला रांधायला लावू नको."