माझे डोके तीनदा का उघडले?

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. रंग उडाला आहे, दारे कुरकुरतात, पण स्वभावाने मी गरीब. तरीही एका वर्षात माझे डोके तीनदा उघडावे लागले, त्याची ही हकिगत.

कारखान्यातून आले तेव्हा घरातले बाबा मला कचेरीत नेत. रस्त्यावरची माणसे वळून पाहत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. बाबा निवृत्त झाले आणि मी त्यांच्या सुनेकडे आले. सून परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन ती जखमा धुते, पट्ट्या बदलते. जिथे बस जात नाही तिथेही तिला जावे लागते, म्हणून तिची सारी भिस्त माझ्यावर. बाबांकडे एकच काम उरले, सकाळी बॉनेट उघडून माझे पाणी बघण्याचे. ते मात्र बाबा जीव ओतून करत.

एकदा चढावर माझा पारा चढला. इंजिनाच्या डोक्याला हेड म्हणतात. हेड आणि खालचे धड यांच्यामध्ये गॅस्केट नावाचा पातळ थर असतो. तो जळला, पाणी तेलात शिरले, मागून पांढरा धूर निघाला. मेकॅनिकने गॅस्केट बदलली. पुन्हा तेच झाले. मग त्याने हेड घासून सपाट करून आणले, बोल्टही नवे घातले. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, पण मला बोलता कुठे येते?

तिसऱ्यांदा धूर निघाला तेव्हा बाबांचा मुलगा बायकोला म्हणाला, "पुरे झालं. भंगारात देऊन टाकू."

"आणि लांबच्या रुग्णांना काय सांगू?" सून म्हणाली. तिने मेकॅनिकला विचारले, "तुमच्याकडे असते तेव्हा ही नीट चालते ना?"

"अगदी शहाण्यासारखी. पाणी मीच भरतो, फिरवून आणतो, तापमानाचा काटा वर चढत नाही."

"आमचे काही रुग्ण दवाखान्यात बरे होतात आणि घरी गेले की पुन्हा आजारी पडतात. तेव्हा आम्ही औषध बदलत नाही, घरी काय चाललंय ते बघतो. तुम्ही एकदा दुरुस्त करून द्या."

मी घरी आले. सकाळी सून बाबांशेजारी उभी राहिली. बाबांनी पाणी भरले, रेडिएटरचे झाकण ठेवले आणि अर्धेच फिरवले.

"बाबा, पूर्ण नाही लावलं?"

"फार आवळलं तर जीव गुदमरेल तिचा. वाफेला वाट नको?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! झाकण घट्ट असले तरच आत दाब राहतो आणि पाणी लवकर उकळत नाही. सैल झाकणातून ते निसटत होते, आणि मी कोरडी पडून तापत होते. सुनेने मेकॅनिकला फोन करून खात्री केली आणि बाबांना ते सरळ सांगितले.  बाबा हात पुसून आत गेले. मला फार वाईट वाटले, कारण त्या हातांइतकी माझी काळजी कोणी केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आता पाणी मी बघतो." सुनेने त्याला थांबवले आणि बाबांच्या दारावर टकटक केली.

"बाबा, मला निघायचंय. पाणी बघता ना?"

"मी नको आता."

"मग कोण? यांना बॉनेटसुद्धा उघडता येत नाही."

बाबा बाहेर आले. त्यांनी माझे बॉनेट उघडले. मग झाकण काढून त्यांनी सुनेपुढे धरले आणि म्हणाले, "आधी मला शिकव."

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याची काळजी कशी घ्यायची, हे विचारण्यात कमीपणा नसतो. आणि एखाद्याचा हात चुकला तर त्याचे काम काढून घेऊ नका, त्याला शिकवा. मी आजही त्याच हातांवर चालते आहे.