मोगऱ्याला घातलेली पेंड

वच्छलाबाईचा मोगरा नुसता पानांनी माजला होता. नेकनूरच्या त्या उन्हाळ्यात शेजारच्या हाफिजाचं झाड कळ्यांनी वाकलेलं, अन् हिच्या अर्ध्या रांजणातल्या झाडाला नावालाही कळी नाही. दळताना ती ओवीतच त्याला बोल लावायची :

हिरवा गं मोगरा, किती करू त्याची सेवा
शेजीच्या दारी फुलं, माझ्या दारी नुसता हेवा

शेवटी तिनं एरंडीची पेंड आणली. घाणेवाल्या धोंडीरामनं बजावून सांगितलं होतं, की पेंड आधी पाण्यात कुजवायची, मग बुडापासून लांब, मातीखाली गाडायची. जनावराच्या तोंडी गेली तर जनावर हाती लागत नाही. पण कुजवायची तर घरभर घाण सुटणार, सासू बोलणार. वच्छलानं पेंड कोरडीच वर पसरली अन् पाण्याचा हात फिरवला.

हाफिजाच्या दोन शेळ्यांपैकी तांबडी दाव्याला असायची, काळी मात्र मोकळीच. तिनं रांजणात तोंड घातलं, तेव्हा वच्छलानं हसतच तिला हुसकलं. सांजेला शेळीनं चारा टाकला, मग हगवण लागली, अन् एका सकाळी ती पाय ताणून पडली.

हाफिजाचा नवरा चाँद करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई. तो बायकोवरच बरसला, की ज्वारीचे कोवळे फुटवे तूच चारले असशील, त्याचंच विष भिनलं. हाफिजालाही ते खरं वाटलं. लेक कमरजहाँ बाळंतीण, तिला दूध नाही. तान्हं शेळ्यांच्याच दुधावर जगत होतं, आता एकटी तांबडी उरली. हाफिजा वच्छलाच्याच उंबऱ्यावर येऊन रडली. वच्छलानं पदरानं तिचे डोळे पुसले. सांगायचं ते ओठांवर आलं अन् तिथंच सुकलं. त्या पदराची तिला रात्री शिसारी आली.

पेंड उपसून टाकावी, तर दोन्ही घरांच्या सामाईक अंगणात हाफिजाच्या समाचाराला आलेल्या बायका. कुणाच्या ध्यानात आलं तर? ती अंगण रिकामं व्हायची वाट बघत बसली.

तेवढ्यात उरलेली तांबडी शेळी दावं सोडवून सरळ रांजणाशी गेली. वच्छला धावली. शेळीचा जबडा उघडून बोटांनी पेंड ओरबाडून काढू लागली. बायका बघतच राहिल्या.

“एरंडीची पेंड हाय,” मान न उचलता ती म्हणाली. “मीच घातलती. उघडी.”

हाफिजा जवळ आली. “कधी?”

“काळी मरायच्या आदी.”

“मंजी मी तुझ्यापाशी रडत होते, तवा तुला ठाव होतं?”

“व्हय.”

हाफिजा खाली वाकली. तिनं शेळीचं तोंड धुतलं, दावं हाताला गुंडाळलं. “फुटव्याचं मी माज्याच माथी घेतलं गं,” एवढंच म्हणाली अन् आत गेली.

वच्छलानं सगळ्यांदेखत रांजणातली माती उपसून खोल खड्ड्यात पुरली. बायका उठून गेल्या.

तांबडी वाचली. ती रवंथ करताना दिसली, की वच्छलाचा जीव भांड्यात पडे. पण तिच्या शेजारी धार काढत बसलेल्या हाफिजाकडे बघायला मान काही वर होत नसे.