वापरलेली जोडी

सकाळी सव्वासातला रेडिओवरचं गाणं मध्येच तुटलं आणि राष्ट्रप्रमुखांना पदावरून दूर केल्याची बातमी आली. त्यांची पत्नी तेव्हा दूध तापवत होती. तिने ते उतू जाऊ दिलं नाही.

सैन्यातून या पदावर आलेल्या साहेबांना पहाटेच तातडीची बैठक म्हणून नेलं होतं. आता मेजर आला. हा साहेबांचा जुना सहायक. एका आजारपणात तिनेच त्याला घरी ठेवून बरा केला होता. सारी छावणी तिला वहिनी म्हणे, तसा तोही. आज त्याची नजर फरशीवरून उठेना. साहेब सुखरूप आहेत, कुठे ते सांगता येणार नाही, दुपारपर्यंत बंगला सोडावा लागेल, एवढं त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं.

बदल्यांत जन्म गेलाय, बंगल्याचं काय एवढं, असं म्हणून वहिनी आत गेल्या आणि लोकरीचे नवे मोजे घेऊन आल्या.

सीमेवरच्या लढाईपासूनची ही नवराबायकोची रीत. साहेबांना पत्राचा कंटाळा. नवी जोडी गेली की पायातली काढून परत पाठवायची, तीही न धुता. मोज्याला घाम आहे म्हणजे माणूस आहे, एवढं वहिनींना पुरे. 'लढाई जिंकतील, पण मोजा पाण्यात बुडवणार नाहीत,' असं त्या भर मेजवानीत मंत्र्यांना सांगत आणि सगळ्यांत मोठ्याने साहेबच हसत.

"पायातले काढून आण. आहेत तसे," वहिनी म्हणाल्या. "धुवायला मी आहे."

"वहिनी, माझ्या हातात काही नाही हो."

"मोजे आहेत ना."

त्याने ते कोटाच्या आत सरकवले.

स्वयंपाकीण डोळ्यांना पदर लावून बसली, तेव्हा रडायचं तर भांडी पुसता पुसता रड, असं तिला बजावून वहिनींनी शेगडी लख्ख केली, बंगल्यात नव्याने येणाऱ्या बाईसाठी पिण्याचं पाणी भरून ठेवलं आणि त्या बहिणीच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या.

चौथ्या दिवशी एक अनोळखी शिपाई दारात पुडकं देऊन गेला. मेजर कुठे आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं. मोजे साहेबांचेच होते. टाचेवरचं रफू वहिनींच्या हातचं. पण ते स्वच्छ धुतलेले होते, घडी घालून.

बहिणीला विचारायचा धीर होईना. वहिनीच म्हणाल्या, "एकटा पडला की माणूस सगळं शिकतो." मग त्यांनी लोकर काढली आणि सुया हातात घेतल्या.

नवी जोडी काल संध्याकाळी छावणीच्या फाटकावर ठेवून घेतली. वापरलेली अजून परत आलेली नाही.