साध्या हवेची खोली

"नळीला गळती नाही, मॅडम. साबणाचं पाणी लावून बघितलंय. दोनदा!" फिटर काकुळतीला आला होता.

"मग साध्या हवेच्या खोलीत दुपारी कार्बन डायऑक्साइड दुप्पट कसा होतो? झाडं काय बाजारातून आणतात?"

मॅडमचंही चूक नव्हतं. काचेच्या दोन बंद खोल्या, दोन्हींत शोभेचे क्रोटन. एकीत सिलिंडरमधून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडायचा, दुसरीत बाहेरच्यासारखीच हवा ठेवायची आणि पानांचं प्रकाशसंश्लेषण किती बदलतं ते रोज दुपारी मोजायचं. पण तीन आठवडे साध्या खोलीतली झाडंही चेव आल्यासारखी अन्न बनवत होती. खापर फिटरवर फुटलं. उद्यापासून येऊ नका, असं त्याला सांगूनही झालं होतं.

मोजणी करणारे काका वही घेऊन दाराशी उभे होते. यंत्र पानाला लावताना ते इमानदारीत श्वास रोखत. पण आधीच्या तासाभराचा श्वास खोलीतच साठून राहतो, हे त्यांच्या डोक्यात आत्ता कुठे शिरलं. गप्प राहिले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण फिटरचा चेहरा त्यांना बघवेना.

"मॅडम, नळी ठीक आहे. मी बसतो तिथे. सुट्टीत. दार लावून डबा खातो."

"जेवायला असा किती वेळ लागतो, काका?"

"मग बोलत बसतो. तासभर."

"फोनवर?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. "झाडांशीच. बायकोला सांगायचो ना, तेच. भाजी करपली, शेजाऱ्यांनी घराला रंग दिला, असलंच काहीबाही. ती गेल्याला दीड वर्ष झालं. घरात बोललं की आवाज फार मोठा वाटतो."

फिटरला हसू फुटत होतं, ते त्याने गिळलं.

"तुम्ही राहा," मॅडम त्याला म्हणाल्या. मग त्यांनी वही मागून घेतली आणि तीन आठवड्यांच्या आकड्यांवर तिरकी रेघ ओढली. आकडे रद्द केले की कारण लिहावं लागतं. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं, 'खोलीत माणूस होता.'

काका ओशाळले. तरी आतून त्यांना फार बरं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

सुट्टीत ते डबा घेऊन बाहेरच्या पायरीवर बसले. एक शब्दही न बोलता जेवले. उठेपर्यंत वही मांडीवर होती, त्याच पानावर उघडी.