भट्टीत शिरलेलं तांबं

बारकीने भुकटीवर अतिनील दिव्याचा झोत टाकला आणि ती जागीच थबकली. मैद्याहून बारीक असलेली ती झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी हिरवीगार उजळली होती.

हे व्हायला नको होतं. तापवताना या भुकटीतल्या काही ऑक्सिजन अणूंच्या जागा रिकाम्या राहतात आणि हिरवा उजेड त्या रिकाम्या जागांतून येतो, असं तिच्या मार्गदर्शक बाई अकरा वर्षं सांगत आल्या होत्या. म्हणून आज बारकीने भट्टीत भरपूर ऑक्सिजन सोडला होता. जागा भरल्या की हिरवा मावळणार, असा हिशेब होता. हिरवा तर दुप्पट झाला होता.

ती तडक भट्टी सांभाळणाऱ्या काकांकडे गेली. "काका, ऑक्सिजन मध्येच बंद पडला होता का?"

"छे. मी इथून हललोच नाही." मग काकांनी मान खाजवली. "फक्त बशी आत ढकलायचा हूक तुटला. मग बशीला तार गुंडाळली आणि तिनेच ढकलली."

"कसली तार?"

"तांब्याची." काकांचा चेहरा उतरला. "घोळ घातला का मी?"

बारकीने तार हातात घेतली. काळी पडलेली, पापुद्रे सुटलेली. "काका, हा हिरवा या तांब्याचाच असेल, तर रिकाम्या जागांमागे जाणारे आमचे पुढचे आठ महिने तुम्ही वाचवलेत."

तिने दोन कोऱ्या बशा काढल्या. एकीत नुसती भुकटी, दुसरीत तीच भुकटी, पण जस्ताच्या दहा हजार अणूंमागे तांब्याचा एक अणू मिसळून. भट्टी एकच, ऑक्सिजन तोच. दोन्ही बशा तापून निवेपर्यंत तीन तास काढायचे होते. तिला बसवेना की उभं राहवेना. तेवढ्यात आईचा फोन आला.

"जेवलीस का गं?"

"आई, आत्ता नको. तांबं भट्टीत आहे."

"भांडी तिथे नेलीस की काय?"

बारकी खो-खो हसली आणि जीव थोडा हलका झाला.

बशा निवल्यावर तिने बाईंना बोलावलं, पडदे ओढले, दिवा लावला. नुसती भुकटी जेमतेम जांभळट दिसली. तांब्याची मात्र झगझगीत हिरवी. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. अकरा वर्षांचं म्हणणं एका तारेने खोटं पाडलं, हे त्यांना कसं सांगायचं?

बाई सरळ झाल्या तेव्हा त्यांचे डोळे लकाकत होते. "कपाटातल्या माझ्या जुन्या भुकट्यांच्या बाटल्या काढ. सगळ्या. कशाकशात तांबं शिरलंय ते बघू."

"बाई, तुमचे लेख..."

"लेख दुरुस्त करता येतात गं. चल, हात चालव."

चौदा बाटल्यांची तपासणी आठवडाभर चालली. पाच बाटल्यांत तांबं सापडलं. उरलेल्या नऊ हिरव्या होत्या, पण तांब्याचा मागमूस नव्हता. तिथे रिकाम्या जागांचं म्हणणं अजून तग धरून होतं. बाईंनी नव्या लेखावर बारकीचं नाव पहिलं घातलं आणि काकांचे आभार स्वतःच्या अक्षरात लिहिले.

"आता या नऊंचं काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"परत भरपूर ऑक्सिजनमध्ये तापवू, पण तांब्याशिवाय," बारकी म्हणाली. ती काकांबरोबर भट्टीचा नवा हूक बसवण्यात गुंतली होती.