पिल्लू हे उत्तर चूक

हिंदी मुलखातल्या बरखेड्याच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अहवालात असे नमूद आहे: 'प्राण्यांच्या पिल्लांची नावे सांगण्याच्या स्पर्धेत एकही बालस्पर्धक पात्र ठरला नाही. नव्या पिढीची मातृभाषेविषयीची अनास्था चिंताजनक आहे.'

व्याकरण निर्दोष. मात्र अनास्था असलेली मुले रविवारची सकाळ सोडून, केस चापूनचोपून बसवून, मराठी बोलायला सभागृहात कशाला आली, याचा खुलासा अहवालात नाही. पात्र-अपात्र कोणी ठरवले, तेही नाही. ठरवणारे एकच होते: भालचंद्र दाणी, कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते, मंडळाचे भाषाप्रमुख आणि याच अहवालाचे लेखक. चिंता खरी होती. फक्त ती नव्या पिढीची नव्हती.

त्या सकाळी त्यांची नात गौरी व्यासपीठावर उभी होती.

"शेळीचं?"

"पिल्लू."

"मेंढीचं?"

"पिल्लू, आबा."

'आबा' ऐकून सभागृहात खसखस पिकली. नातीला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून भालचंद्रांनी माइक तोंडाशी ओढला. "शेळीचं पिल्लू, मेंढीचं पिल्लू! उद्या सासूलाही पिल्लूच म्हणशील!"

लोक पोट धरून हसले. नि:पक्षपातीपणा इतका स्वस्तात क्वचितच सिद्ध होतो. गौरीही क्षणभर हसली, कारण सगळेच हसत होते.

तो शब्द तिने आणला होता तो घरातूनच. आबांच्या पेटीतला सर्वांत लहान पाना म्हणजे पान्याचं पिल्लू. उरल्यासुरल्या कणकेची इवलीशी पोळी म्हणजे पोळीचं पिल्लू. मंडळात एखादी अफवा उठली, की आजी सुनंदाबाई विचारत, "हे पिल्लू सोडलं कुणी?" जिन्याखाली कुत्रीजवळ वळवळत, ती पिल्लं होतीच. आणि शाळेची बस फाटकाशी थांबली, की आबा पायऱ्या उतरता उतरता ओरडत, "आलं गं आमचं पिल्लू!"

स्पर्धेनंतर गौरी आबांशी हिंदीत बोलू लागली. रुसून नव्हे; हिंदीत चूक होत नसे म्हणून.

"पिल्लू, इकडे ये. पाना धर जरा."

"वो तो गलत जवाब है, दादाजी."

आवाजात राग नव्हता. त्यांनीच दिलेला निकाल ती त्यांना नीट समजावून सांगत होती. पाना मात्र तिने धरला. नळ दुरुस्त होईपर्यंत दोघांत एकही मराठी शब्द झाला नाही, आणि नळ दुरुस्त झाल्यावर आबा उगाचच पुन्हा तो सैल करून बसले.

स्वयंपाकघरातून मेथी निवडता निवडता सुनंदाबाई म्हणाल्या, "बसा आता भाषा जपत. बोलायला कोणी उरलं नाही."

"नियम सगळ्यांना सारखे असतात."

"असतात ना! मग स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी कोश उघडून काय घोकत होता, तेही येऊ द्या की अहवालात."

आबा म्हणून कोणी पुन्हा हाक मारील की नाही, एवढाच प्रश्न भालचंद्रांपुढे आता शिल्लक होता, आणि त्यावर कोशात काही नव्हते.

वार्षिक सभेत अहवाल मंजुरीला आला. गौरी आजीला टेकून बसली होती.

"काही दुरुस्ती?" अध्यक्ष केदार पटवर्धनांनी विचारले. "नसेल तर मंजूर समजू. पोहे-जलेबी वाट बघतेय."

भालचंद्र उभे राहिले.

"अहो दाणीसाहेब, तुम्हीच तर लिहिलाय!"

पुन्हा हशा. तो पूर्ण विरेपर्यंत ते थांबले. मग जे बोलले, ते शब्दश: असे:

"करडू शेळीचं की मेंढीचं, हे मला स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. मी कोश बघून आलो होतो. गौरीला मी घरी एकच शब्द दिला होता. तोच तिनं इथं मला परत दिला, आणि मी तो चूक ठरवला. ती माझ्याकडे बघत होती, तरी मी बोललो. आणि तुम्ही हसलात, तेव्हा मला बरं वाटलं."